कुणाच्या पसंतीचा सेंट?

आमच्या लहानपणी त्याला परफ्यूम म्हणत नसत. तो 'सेंट' होता, आणि सेंट लावत नसत, 'मारत'. सगळा निकाल त्या क्रियापदातच होता. अत्तर लावायचं, गजरा माळायचा, उटणं चोळायचं, गुलाबपाणी शिंपडायचं. मारायचा तो फक्त सेंट. 'काय सेंट मारून आली होती!' हे वाक्य पुण्यातल्या आमच्या वाड्यात कौतुकानं उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. बाईला सुवास असावा, पण तो मोगऱ्याचा, सोनचाफ्याचा, फार तर दिवाळीच्या मोती साबणाचा. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मर्जीनं विकत घेतलेला बाटलीतला वास म्हणजे जरा जास्तच.

हा सोवळेपणा फक्त आपलाच असं मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्येही जवळजवळ हाच हिशेब होता. चांगल्या घरच्या बाईनं व्हायोलेट, लव्हेंडर, गुलाब अशा एकाच फुलाचा हलका वास रुमालाला लावावा. कस्तुरी आणि जाईचे भारी वास नट्यांनी आणि रखेल्यांनी वापरावेत. वासावरून बाईची पायरी ठरत होती, आणि ती ठरवणारी बाई नव्हती. तिथपासून आजच्या मॉलमधल्या काउंटरपर्यंत, जिथे आपल्या नाती पाच मिनिटांत तीन बाटल्या हुंगून एक उचलतात, हा प्रवास कसा झाला ते मला सांगायचं आहे. मी आयुष्यभर सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मी तो प्रवास चंचुपात्राच्या बाजूनं बघते. इतिहासाच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.

सुरुवात रसायनांपासूनच होते. १८६८ साली विल्यम पर्किननं कुमारिन हे सुवासिक द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं. ताज्या कापलेल्या, वाळत घातलेल्या गवताचा जो वास येतो, तो त्याचा. १८७४ साली व्हॅनिलिन आलं. १८९३ साली आयोनोन आलं आणि व्हायोलेटचा वास, जो तोवर श्रीमंतांनाच परवडे, दुकानातल्या मुलींच्या आवाक्यात आला. हे आयोनोन बनवायला सिट्राल लागे, आणि सिट्राल मिळे आपल्या गवती चहाच्या जातभाईच्या तेलातून, जे मलबारच्या किनाऱ्यावरून 'कोचीन ऑइल' म्हणून युरोपात जाई. म्हणजे पॅरिसच्या मुलींच्या रुमालाला येणाऱ्या व्हायोलेटच्या वासाचं मूळ आपल्या चहाच्या पातेल्याच्या बरंच जवळ होतं. हे समीकरण फळ्यावर मांडताना मला दरवर्षी तेवढाच आनंद व्हायचा.

उबिगां या घराण्याच्या 'फुजेर रोयाल'मध्ये (१८८२) कुमारिन होतं, गेर्लांच्या 'जिकी'त (१८८९) कुमारिन आणि व्हॅनिलिन दोन्ही. यापुढे सुगंधाला कुठल्या फुलासारखं असण्याची सक्ती उरली नाही. सुगंधकार आता चित्रकारासारखा, निसर्गात नसलेलं काहीतरी रचू लागला.

मग शिंपी आले. शिंपी म्हटलं तर तिथे चालणार नाही, 'कुतुरिए' म्हणावं लागेल. पॉल पॉइरे या पॅरिसच्या प्रसिद्ध वेशकारानं १९११ साली सुगंधाचा व्यवसाय सुरू केला, पण त्याला स्वतःचं नाव न देता मुलीचं दिलं, रोझीन. धंद्याच्या दृष्टीनं ही चूक ठरली, असं माझं मत आहे. कारण दहाच वर्षांनी गॅब्रिएल शनेलनं बाटलीवर आपलं नाव घातलं, पुढे एक आकडा टाकला आणि सगळा खेळ बदलला.

'शनेल नंबर ५' ची गोष्ट अनेकांना अर्धी माहीत असते. मॉस्कोत जन्मलेला सुगंधकार एर्नेस्ट बो रशियन राज्यक्रांतीनंतर फ्रान्सला आला. त्यानं शनेलपुढे १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक घातलेले नमुने ठेवले. तिनं पाचवा निवडला आणि आकडाच नाव म्हणून ठेवला. आत जाई होती, गुलाब होता. पण त्याबरोबर आल्डिहाइड नावाची रसायनं तोवर कुणी धजलं नसेल इतक्या प्रमाणात होती. त्यांचा सुटा वास सांगायचा तर नुकतीच विझवलेली मेणबत्ती, गरम इस्त्री, संत्र्याची साल आणि साबण यांच्या मधला कुठलातरी. जाईच्या गोडव्यावर ते पडलं की लिंबू पिळल्यासारखं होतं, सगळं उजळतं. कसलाही फुलाचा आव न आणणारा, स्वच्छ, थोडा गर्विष्ठ वास. चांगल्या घरची आणि 'तसली' अशी वासाची जी वाटणी होती, ती या बाटलीनं मोडून टाकली.

उरलेली अर्धी गोष्ट कमी गोड आहे. १९२४ साली या सुगंधासाठी वेगळी कंपनी निघाली. तिच्यात पिएर आणि पॉल वेर्टहायमर या बंधूंचा वाटा ७० टक्के, त्यांच्याशी गाठ घालून देणाऱ्या तेओफिल बादेर यांचा २० टक्के, आणि जिचं नाव बाटलीवर होतं त्या शनेलचा १० टक्के. हा करार तिला जन्मभर सलत राहिला. सल रास्त होता. पण जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर तिनं जे केलं ते रास्त नव्हतं. वेर्टहायमर ज्यू होते. ज्यूंची मालमत्ता काढून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन तिनं कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण अमेरिकेला निघून गेलेल्या बंधूंनी आधीच आपला हिस्सा फेलिक्स आमियो या विश्वासातल्या ज्यूएतर उद्योजकाच्या नावावर केला होता. युद्धानंतर, १९४७ मध्ये, दोन्ही पक्षांत तडजोड झाली. आज शनेल कंपनी पिएर वेर्टहायमर यांच्या नातवांच्या मालकीची आहे. आपल्या मुली ही बाटली हातात घेतात तेव्हा त्यांना हेही ठाऊक असावं असं मला वाटतं. म्हणून ती विकत घेऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याकडेही एक आहे.

पुढच्या तीस वर्षांत नाव छापण्याचा हा मार्ग सगळ्यांनी धरला. शाँ पातूनं महामंदीच्या तोंडावर 'जॉय' आणला आणि जगातला सर्वांत महाग सुगंध म्हणून त्याची जाहिरात केली. क्रिस्तियाँ दिओरनं १९४७ साली आपल्या पहिल्या कपड्यांबरोबरच 'मिस दिओर' काढला. १९४८ साली 'फ्राका' आला, जेर्मेन सेलिए या बाईनं रचलेला. पुरुषांनी भरलेल्या धंद्यातली ती त्या काळची मोजकी स्त्री. 'फ्राका' म्हणजे आपली गुलछडी, निशिगंध म्हणा हवं तर. पण लग्नाच्या मांडवातली नाही, जरा चढ्या आवाजात भांडणारी. ज्यांना परफ्यूममध्ये घरचं फूल शोधायचं आहे त्यांनी तो एकदा हुंगावाच.

पण इतकं होऊनही एक गोष्ट तशीच होती. बाटली बहुधा पुरुष आणत. निदान अमेरिकेत सुगंध ही वाढदिवसाची किंवा ख्रिसमसची भेट होती. बायका ती ड्रेसिंग टेबलावर मांडून ठेवत, आणि एकेक थेंब काटकसरीनं वापरून वर्षानुवर्षं पुरवत. स्वतःसाठी सुगंध विकत घेणं म्हणजे आपल्याला आणून देणारं कुणी नाही, अशी कबुली दिल्यासारखं होतं.

हे मोडलं एस्टी लॉडर या बाईनं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये स्थलांतरित हंगेरियन ज्यू कुटुंबात जन्मलेली ही मुलगी. १९५३ साली तिनं 'यूथ ड्यू' काढला, आणि तो परफ्यूम म्हणून न विकता अंघोळीच्या पाण्यात घालायचं तेल म्हणून विकला. युक्ती साधी आहे. लिपस्टिक घ्यायला नवऱ्याची वाट बघावी लागत नाही, मग अंघोळीचं तेल घ्यायला कशाला? थेंब मोजायची गरज उरली नाही, बाटली संपली की बाई स्वतः जाऊन दुसरी आणू लागली. आपल्याला यात विशेष वाटू नये. अभ्यंगाचं सुवासिक तेल आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. त्या रचनेमागे जोसेफीन कॅटापानो ही सुगंधकार होती, जिचं नाव बाटलीवर कुठेही नव्हतं. तिच्याच हाताखाली पुढे सोफिया ग्रोइसमन शिकली. बेलारूसमध्ये जन्मलेली, साठच्या दशकात अमेरिकेत आलेली आणि प्रयोगशाळेतल्या साध्या नोकरीपासून सुरुवात करून 'व्हाइट लिनन' (१९७८) आणि 'ट्रेझर' (१९९०) रचणारी. परदेशातून येऊन प्रयोगशाळेत उभं राहण्याचा अर्थ ज्यांना माहीत आहे, अशा मंडळात बऱ्याच जणी आहेत.

१९७३ साली रेव्हलॉनचा 'चार्ली' आला. जाहिरातीत पँट घातलेली, लांब ढांगा टाकत चाललेली एकटी मुलगी. माझ्या पिढीतल्या बायकांना, म्हणजे १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेल्यांना, तो नीट आठवेल. भारतवारीच्या बॅगेत जावांसाठी, नणंदांसाठी चार्लीच्या बाटल्या साड्यांत गुंडाळून जात. आणि त्या बाटल्यांचं आणखी एक काम होतं, ज्याबद्दल आपण फारसं बोललो नाही. मी नव्यानं शिकवायला लागले तेव्हा एका सहकाऱ्यानं हसत हसत सुचवलं होतं, की माझा कोट स्वयंपाकघरापासून लांब टांगलेला बरा. तेव्हापासून कित्येक वर्षं दाराजवळ एक बाटली असायची. मी सेंट लावायचे तो त्याचा वास यावा म्हणून नव्हे, फोडणीचा येऊ नये म्हणून. त्या काळात मी कोणता परफ्यूम पसंत केला असता ते मला आजही सांगता येत नाही, कारण पसंतीचा प्रश्नच आला नव्हता. आता याच देशातल्या नामांकित बाटल्यांत वेलची आणि केशर घालतात आणि त्यासाठी जास्त पैसे मागतात.

पूर्वेकडचं सामान पश्चिमेनं कसं विकलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गेर्लांचा 'शालिमार' (१९२५) मुघल बागेच्या नावानं आला आणि आपल्याला गोड वाटला. ईव्ह सँ लोराँनं १९७७ साली 'ओपियम' काढला, तेव्हा इथल्या चिनी अमेरिकनांनी निषेध केला: ज्या अफूनं आमच्या पूर्वजांचा देश पोखरला तिचं नाव अत्तराला कसं देता? नाव बदललं नाही, उलट गाजावाजानं खप वाढला. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो आनंदानं लावला. चिनी मैत्रिणीला त्याचं काय वाटत असेल, हा विचार आम्ही केला नव्हता.

ऐंशीचं दशक मोठ्या आवाजाचं होतं. 'जॉर्जिओ' (१९८१) मासिकांच्या पानांत वासाच्या पट्ट्या घालून घराघरांत शिरला. 'पॉइझन' (१९८५) बाई लिफ्टमधून उतरल्यावरही लिफ्टमध्येच राही. काही रेस्टॉरंटांनी असले परफ्यूम लावून येऊ नका अशा पाट्या लावल्या. पुढे १९९२ साली 'एंजल' आला, त्यात इथाइल माल्टॉल आणि पॅचुली. पहिलं म्हणजे जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास. दुसरी म्हणजे आपली पाच, दवण्या-मरव्याबरोबर देवाला वाहतो ती. आजच्या तरुण मुलींच्या बाटल्यांना जो खाऊचा वास येतो त्याचं घराणं तिथून निघतं.

आणि मग नट्या. खरं तर सोफिया लोरेनच्या नावाचा परफ्यूम ऐंशीच्या आसपासच आला होता, पण धंदा उभा केला एलिझाबेथ टेलरनं, १९८७ च्या 'पॅशन'नं आणि १९९१ च्या 'व्हाइट डायमंड्स'नं. २००२ साली जेनिफर लोपेझचा 'ग्लो' आला, २००४ साली ब्रिटनी स्पिअर्सचा 'क्युरिअस', आणि दुकानातली फळी नावांनी भरून गेली. 'ग्लो' काढणारी कंपनी कोटी. याच कंपनीचा संस्थापक फ्रान्स्वा कोटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लालीककडून काचेच्या बाटल्या करून घेत होता.

शिकल्या-सवरल्या बायका या नटीछाप बाटल्यांना नाक मुरडतात. तो तुच्छतेचा सूर मला पटत नाही, आणि त्याचं कारण कारखान्यात आहे. बहुतेक मोठ्या नावांचे सुगंध त्या नावांच्या घरी बनतच नाहीत. जिवोदां, डीएसएम-फिरमेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा मोजक्या कंपन्यांत पगारी सुगंधकार ते रचतात. वेशकाराची कंपनी येते, आम्हाला असं असं हवं म्हणून सांगते, किती खर्च करायचा ते सांगते. नटीची कंपनी येते, तीही तेच करते. 'व्हाइट डायमंड्स' रचणाऱ्या कार्लोस बेनाइमनंच राल्फ लॉरेनचा 'पोलो' रचला आणि पुढे 'फ्लॉवरबॉम्ब'च्या रचनेतही तो होता. नाक तेच, वेष्टण निराळं. खर्चाची मर्यादा हा फरक खरा आहे, स्वस्त बाटलीत चांगली जाई परवडत नाही. पण महाग बाटलीत ती असतेच असंही नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक उद्योग केला. वाणाच्या ताटाशेजारी कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांवर फक्त आकडे. एकीवर 'बाकारा रूज ५४०', ज्याच्या बाटलीला काहीशे डॉलर पडतात. दुसरीवर अरियाना ग्रांदेचा 'क्लाउड', ज्याची तुलना त्याच्याशी नेहमी होते आणि किंमत त्याच्या लहानशा अंशाएवढी. तिसरीवर 'नंबर ५'. चौथीवर कनौजचं वाळ्याचं अत्तर. पहिल्या दोन पट्ट्यांवरून जोरदार भांडण झालं आणि अर्ध्या जणींनी स्वस्तालाच महाग ठरवलं. 'नंबर ५' ला एका विशीतल्या मुलीनं 'आजीच्या कपाटातला साबण' म्हटलं, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. वाळ्याच्या पट्टीजवळ आमच्या वयाच्या बायका घुटमळत राहिल्या, आणि मुलींना ती ओल्या मातीसारखी वाटली. कनौजला पहिल्या पावसाचा वास धरलेलं मिट्टी अत्तरही करतात, ते पुढच्या वर्षी आणीन म्हटलं.

हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, ती जागा परीक्षेसाठी उत्तम आहे. काउंटरवरच्या पट्टीवर पहिली दहा मिनिटं जे येतं ते लिंबूवर्गातलं हलकं द्रव्य, लिमोनीन वगैरे; ते विकायला ठेवलेलं असतं आणि लगेच उडून जातं. मधली फुलं तास-दोन तास टिकतात. चंदन, कस्तुरीसारखी रसायनं आणि व्हॅनिलिन संध्याकाळपर्यंत अंगावर राहतात, आणि आपण खरं तर त्यांच्याबरोबर राहणार असतो. म्हणून पट्टीवर तीनच हुंगावेत, एकच हातावर लावावा, न घेता घरी यावं, स्वयंपाक करावा, आणि रात्री हात हुंगून बघावा. काउंटरवर ठेवलेल्या कॉफीच्या बियांवर विसंबू नये, स्वतःच्या बाहीचा वास घेतला तर नाक सावरतं. मैत्रिणीचं मत जरूर ऐकावं, पण काही माणसांना काही कस्तुरी-रसायनांचा वासच येत नाही, हे लक्षात ठेवावं. ती 'काहीच येत नाही' म्हणते तेव्हा खरंच बोलत असते.

ही पारख आपल्याकडे नवी नाही. गंधयुक्ती, म्हणजे सुगंधांची जुळवणी, कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत मोजली आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत त्यावर अख्खा अध्याय लिहिला, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणं होतात असं गणित मांडलं. ते अचूक आहे, मी वर्गात करून घेत असे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त राजाच्या भोगांमध्ये गंधाचा भोग सांगितला. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे 'गंधवाद' नावाचा एक संस्कृत ग्रंथ मराठी टीकेसह हस्तलिखितात टिकून राहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी त्याचा अभ्यास केला, आणि पुढे तो गंगाधराच्या 'गंधसारा'बरोबर बडोद्याहून छापला गेला. कुणीतरी मराठीत बसून द्रव्यं, प्रमाणं, धूप, तेलं समजावून सांगत होतं. जहांगीर बादशहानं तर आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला, दिलं आहे. जोसेफीन कॅटापानोला इतकंही मिळालं नाही.

एक सावधगिरीची सूचना. आईची किंवा सासूबाईंची जुनी बाटली आठवून तोच परफ्यूम आज विकत घेतलात तर वास तोच असेल असं धरून चालू नका. ओकमॉस नावाचं शेवाळासारखं द्रव्य ॲलर्जीमुळे आता फार मर्यादित वापरावं लागतं, आणि लिलिअल हे कितीतरी बाटल्यांतलं रसायन युरोपात २०२२ पासून बंद आहे. नाव आणि बाटली तशीच ठेवून आतली रचना बदलतात, आणि खोक्यावर तसं छापत नाहीत. जुने मूळ सुगंध ज्यांना खरोखर हुंगायचे आहेत त्यांच्यासाठी व्हर्सायमध्ये 'ओस्मोतेक' नावाचं संग्रहालय आहे, १९९० साली सुरू झालेलं. तिथे बाटल्या अंधारात, १२ अंश सेल्सियसला, वर आर्गॉन वायूचा थर देऊन ठेवतात. दुकानातून केव्हाच नाहीसा झालेला कोटीचा १९१७ चा 'शिप्र' तिथे कागदाच्या पट्टीवर हुंगायला मिळतो.